शत्रूचं रडार गप्प कसं करतात

सोव्हिएत बनावटीच्या एस-75 या विमानविरोधी क्षेपणास्त्राच्या तळावर एक बंद केबिन असते. आत तीन ऑपरेटर शेजारीशेजारी पडद्यांसमोर बसलेले असतात. एक जण विमानाचं अंतर धरतो, दुसरा दिशा, तिसरा वरचा कोन. प्रत्येकाच्या हाताशी एक लहान चाक. ते फिरवत पडद्यावरची खूण बरोबर रेघेवर ठेवायची आणि सुटू द्यायची नाही, एवढंच त्यांचं काम. त्यांच्यासोबत मारा करण्याचा हुकूम देणारा अधिकारी असतो. रडारचे जुने व्हॅक्यूम ट्यूब तापायला वेळ लागतो, म्हणून तो यंत्रणा आधीच चालू करून ठेवतो. पण शक्ती अँटेनातून बाहेर सोडत नाही, आतल्याच एका भारावर जिरवतो. रडार तापलेलं, पण गप्प. मग योग्य क्षणी तो स्विच फिरवतो आणि लाटा आकाशात जातात.

इथून पुढे काय होतं ते समजलं की या विषयाचं निम्मं काम झालं. एस-75 क्षेपणास्त्र साडेदहा मीटरहून लांब आणि सव्वादोन टनांच्या आसपास वजनाचं, पण त्याला स्वतःचे डोळे नसतात. जमिनीवरचं रडार विमानही बघतं आणि क्षेपणास्त्रही बघतं, दोन्हींतला फरक मोजतं आणि रेडिओवरून 'डावीकडे, थोडं वर' असे हुकूम सोडत राहतं. तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या विमानापर्यंत पोहोचायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं. तेवढ्या वेळात रडार बंद पडलं तर क्षेपणास्त्र आंधळं होऊन भलतीकडे जातं.

म्हणजे विमान वाचवायला तळ उडवावाच लागतो असं नाही. त्या अधिकाऱ्याने पाऊण मिनिट स्विच बंद ठेवला, तरी विमान सुखरूप निघून जातं. युद्धशास्त्रात या कामाला 'सप्रेशन ऑफ एनिमी एअर डिफेन्सेस' म्हणतात, आद्याक्षरांवरून 'सीड'. मराठीत शत्रूच्या हवाई संरक्षणाचं दमन. तळ कायमचा संपवणं हे वेगळं काम, त्याला 'डीड' म्हणतात. त्यातला पहिला डी 'डिस्ट्रक्शन'चा, म्हणजे नाशाचा. बातम्यांमध्ये दोन्हींची सर्रास सरमिसळ होते आणि तिथूनच गैरसमज सुरू होतात. दमन तासा-दोन तासांसाठी असतं, उद्या ते पुन्हा करावं लागतं. नाश टिकतो, पण त्यासाठी तळ सापडावा लागतो.

रात्री शेताला पाणी द्यायला गेलेला माणूस विजेरी मारतो तेव्हा त्याला पन्नास पावलांवरचा बांध दिसतो. पण ती विजेरी कोसभरावरून दिसते. रडारचं अगदी असंच आहे. रडारच्या लाटा विमानापर्यंत जातात, आपटतात आणि त्यातला क्षीण अंश परत येतो. हा जाण्यायेण्याचा प्रवास असल्यामुळे अंतर दुप्पट झालं की परतीचा प्रतिध्वनी सोळावा हिस्सा उरतो. विमानातला ऐकणारा मात्र एकेरी प्रवासाची लाट पकडतो. त्याच्यासाठी अंतर दुप्पट झालं तर जोर चौथा हिस्सा राहतो. त्यामुळे रडारला विमान दिसण्याच्या बऱ्याच आधी विमानाला रडार ऐकू येतं. जो रडार लावतो तो आपला पत्ता जाहीर करतो. आणि जो लावत नाही त्याला काही दिसत नाही. सगळी मोहीम या पेचावर उभी असते.

हा धडा पहिल्यांदा महागात पडला तो व्हिएतनाममध्ये. 24 जुलै 1965 रोजी अमेरिकेचं एक एफ-4 फँटम एस-75ने पाडलं. त्यानंतर काही महिन्यांतच 'वाइल्ड वीझल' नावाच्या तुकड्या उभ्या राहिल्या. वीझल हा मुंगसासारखा, बिळात शिरून शिकार करणारा प्राणी. दोन आसनांचं एफ-100 विमान, पुढे वैमानिक, मागे रडारच्या लाटा ऐकणारा अधिकारी. मुद्दाम तळाच्या टप्प्यात शिरायचं, त्याला रडार लावायला भाग पाडायचं आणि मग लाटेचा माग काढत तळावर जायचं. 22 डिसेंबर 1965 रोजी त्यांनी पहिला तळ उडवला. पाठोपाठ श्राइक हे रडारच्या लाटेवर जाणारं क्षेपणास्त्र आलं. त्याचे दोष दोन. त्याचा पल्ला एस-75पेक्षा कमी होता, आणि वाटेत रडार बंद झालं की ते भरकटायचं. उत्तर व्हिएतनामच्या ऑपरेटरांनी हे लवकर ओळखलं. विमानाने नाक वर करून काही सोडलेलं दिसलं की स्विच बंद. तळ वाचला, पण त्याचं हवेतलं क्षेपणास्त्रही वाया गेलं. दमन झालंच.

1973च्या ऑक्टोबरमध्ये, इजिप्त आणि सीरियाशी झालेल्या युद्धात, इस्रायलने उलटी चूक केली. 7 ऑक्टोबरला सकाळी इजिप्तच्या आघाडीवर सुरू झालेली दमनाची मोहीम अर्धवट सोडून विमानं गोलानकडे वळवली गेली, कारण तिथे सीरियाचे रणगाडे पुढे सरकत होते. हातात होती जुनी छायाचित्रं. सॅम-6 या दुसऱ्या सोव्हिएत विमानविरोधी क्षेपणास्त्राचे सीरियाचे फिरते तळ दरम्यान हलले होते. सहा फँटम गेली आणि तळ उडाला एक. शिवाय सॅम-6 ज्या अखंड लाटेने लक्ष्य उजळतो ती इस्रायली विमानांच्या धोकासूचक यंत्रांना ऐकूच येत नव्हती. वैमानिकाला क्षेपणास्त्र डोळ्यांनी दिसेपर्यंत कळत नसे. नऊ वर्षांनी, 9 जून 1982 रोजी, लेबनॉनच्या बेका खोऱ्यात त्याच हवाई दलाने 19 पैकी 17 तळ एका दिवसात निकामी केले. यावेळी आधी वैमानिकरहित विमानं पाठवून सीरियाला रडार लावायला लावलं होतं, प्रत्येक तळाची जागा ताजी ठाऊक होती आणि सीरियाने ते तळ बराच काळ हलवलेच नव्हते.

बगदाद, 17 जानेवारी 1991

इराकने कुवेत बळकावल्यावर अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या अनेक देशांच्या आघाडीने इराकवर चढवलेल्या हल्ल्याची ही पहिली रात्र. दमनाची मोहीम कशी रचतात हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही, म्हणून इथे जरा थांबूया.

इराकच्या हवाई संरक्षण जाळ्याचं नाव होतं 'कारी'. ते फ्रेंचांनी उभारलं होतं आणि नावही फ्रेंचमधल्या 'इराक'ची अक्षरं उलटी लिहून तयार झालेलं. रचना झाडासारखी. वर बगदादचं मुख्य केंद्र, त्याखाली विभागीय केंद्रं, त्यांच्या खाली बाजूबाजूला पसरलेली मधली केंद्रं, आणि तळाशी टेहळणी रडार, क्षेपणास्त्रतळ, तोफा. दूरवरचं टेहळणी रडार विमान बघणार, मधलं केंद्र त्याचा माग एकत्र करणार, विभागीय केंद्र ठरवणार की हे लक्ष्य कुणी घ्यायचं. याचा मोठा फायदा असा की क्षेपणास्त्रतळाला स्वतःचं रडार शेवटच्या क्षणापर्यंत लावावं लागत नाही. 'अमुक दिशेला, अमुक उंचीवर, दोन मिनिटांत येतंय' हे त्याला तारेवरून कळतं. तो तापलेला, गप्प बसून राहतो.

कमतरताही त्यातच होती. जाळं पूर्वेला इराण आणि पश्चिमेला इस्रायल डोळ्यांसमोर ठेवून विणलेलं. एका वेळी काही डझन विमानांचा हल्ला येईल असा हिशेब. दक्षिणेकडून, सौदी अरेबियातून, एका रात्रीत शेकडो विमानं येतील हे त्या आराखड्यात नव्हतं.

ऑगस्ट 1990 ते जानेवारी 1991 या पाच महिन्यांत आधी झाली ती नुसती ऐकण्याची तयारी. अमेरिकेची आरसी-135 विमानं सीमेच्या अलीकडून घिरट्या घालत इराकी रडार टिपत होती. प्रत्येक रडारचा आवाज वेगळा असतो: कोणत्या वारंवारितेवर बोलतं, एक स्पंद किती लांबीचा, सेकंदाला किती स्पंद, अँटेना किती वेळात एक फेरी घेते. यावरून रडार कोणतं हे कळतं, आणि ते कोणत्या क्षेपणास्त्राच्या जोडीचं हेही. हे कोष्टक जितकं ताजं तितकी मोहीम सुरक्षित. लढाऊ विमानांचे ताफे मुद्दाम सीमेकडे यायचे आणि वळून जायचे. समोरून रडार लागलं की त्याची नोंद व्हायची. शिवाय रोजच येणाऱ्या ताफ्यांची इराकी ऑपरेटरांना सवय होत गेली, हा दुसरा लाभ.

पहिला घाव पडला पहाटे 2 वाजून 38 मिनिटांनी, आणि तो हेलिकॉप्टरांनी घातला. सौदी सीमेजवळची दोन टेहळणी रडार केंद्रं उडवायची होती. बॉम्ब टाकून का नाही? कारण एकही टेलिफोन, एकही रेडिओ जिवंत राहायला नको होता, आणि काम पूर्ण झालं हे कुणीतरी डोळ्यांनी बघून सांगायला हवं होतं. आठ अपाची हेलिकॉप्टरं दोन गटांत निघाली. अपाचीची तेव्हाची दिशादर्शक यंत्रणा ओसाड वाळवंटात चुकत जायची, म्हणून प्रत्येक गटापुढे हवाई दलाची पेव्ह लो हेलिकॉप्टरं वाटाड्या म्हणून. त्यांच्याकडे उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रणा होती. एका ठरलेल्या बिंदूवर पेव्ह लोंनी रसायनाने उजळणाऱ्या लहान कांड्या खाली टाकल्या. अपाची त्या कांड्यांवरून गेल्या आणि वैमानिकांनी आपल्या यंत्रात जागेची नोंद नव्याने केली. अंतर इतकं लांब होतं की प्रत्येक अपाचीवर रॉकेटचा एक डबा काढून सुमारे 870 लिटरची इंधनाची टाकी लावली होती. माऱ्याचा क्रमही ठरलेला: आधी वीज देणारे जनित्र आणि संपर्काच्या गाड्या, मग रडार. 27 हेलफायर क्षेपणास्त्रं, मग रॉकेटं, मग तोफ. काही मिनिटांत दोन्ही केंद्रं संपली आणि जाळ्यात एक फट पडली.

2 वाजून 51 मिनिटांनी रडारला सहजी न दिसणाऱ्या एका एफ-117 विमानाने नुखैब इथल्या मधल्या केंद्रावर बॉम्ब टाकला. ही फांदीच तोडणं होतं. त्या भागात अजून एखादं रडार काही बघत असलं, तरी ते सांगणार कुणाला? 3 वाजता बगदादची टेलिफोन एक्स्चेंज आणि इतर केंद्रं. पाठोपाठ टोमाहॉक क्षेपणास्त्रं. त्यातल्या काहींनी वीजकेंद्रांवर कार्बनचे बारीक धागे सोडले. धागे तारांवर पडले की शॉर्टसर्किट होऊन वीज जाते. डिझेल जनित्रं असतातच, पण ती सुरू होऊन यंत्रं पुन्हा जुळेपर्यंतची मिनिटं हल्लेखोराची.

आता केबिनमधल्या अधिकाऱ्याच्या जागी बसून बघा. मुख्य केंद्राचा फोन लागत नाही. शेजारच्या केंद्राकडून माग येणं थांबलं. शहरात स्फोट होताहेत, तोफांचा वर्षाव चालला आहे. काय येतंय, कुठून येतंय, हे आता एकाच मार्गाने कळणार: स्वतःचं रडार लावून. जाळं तोडण्याचा खरा उद्देश हा असतो. प्रत्येक तळाला एकटं पाडायचं, म्हणजे त्याला स्वतःची विजेरी लावावीच लागते.

आणि रडार लावल्यावर दिसलं काय? बगदादकडे येणारी विमानंच विमानं. ती विमानं नव्हती. अमेरिकी नौदल तोफांच्या सरावासाठी वापरतं ती बीक्यूएम-74 ही वैमानिकरहित लक्ष्यं अमेरिकी हवाई दलाच्या एका तुकडीने सीमेजवळून, जमिनीवरून सोडली होती. चाळीसच्या आत. आकाराने लहान, पण रडारवर लढाऊ विमानाएवढी उठून दिसतील अशी तयारी केलेली. शहरावर येऊन ती घिरट्या घालू लागली. नौदलाच्या विमानांनी टाल्ड नावाची, इंजिन नसलेली, तरंगत जाणारी बनावट लक्ष्यं वेगळी सोडली. तळांनी रडार लावले, क्षेपणास्त्रं सोडली. आणि या बनावट विमानांच्या मागून एफ-4जी वाइल्ड वीझल आणि नौदल-मरीनची एफ-18 विमानं येत होती, पंखाखाली रडारच्या लाटेवर जाणारी हार्म क्षेपणास्त्रं घेऊन. ही योजना आखणाऱ्या ब्रिगेडियर जनरल लॅरी हेन्री यांचं टोपणनाव 'पूबा' होतं, म्हणून वैमानिक त्या रात्रीला 'पूबाची पार्टी' म्हणतात.

हार्म म्हणजे नेमकं काय

हार्म साधारण 4.2 मीटर लांब, 360 किलोच्या आसपास. वेग आवाजाच्या दुपटीहून जास्त. टोकात ऐकणारा अँटेना, स्वतः काही सोडत नाही. श्राइकपेक्षा मोठा फरक असा की रडार बंद झालं तरी ते शेवटची ऐकलेली जागा लक्षात ठेवून तिकडे जात राहतं. नेम तितका अचूक राहत नाही, पण ऑपरेटरची खात्री गेली. स्विच बंद केला तरी सुटका नाही.

त्याचं स्फोटक डोकं जेमतेम 66 किलोचं. ते खड्डा पाडण्यासाठी नाही. रडारच्या अँटेनाजवळ फुटून हजारो तुकड्यांनी अँटेना, केबल, केबिन यांची चाळण करण्यासाठी आहे. क्षेपणास्त्रं आणि लाँचर बऱ्याचदा धड राहतात. सुटा अँटेना मिळाला तर तळ काही दिवसांत परत उभा राहू शकतो. सॅम-6ची गोष्ट मात्र निराळी: त्याच्या एका बॅटरीत, म्हणजे क्षेपणास्त्रांच्या एका तुकडीत, लाँचरच्या चार गाड्या, पण रडारची गाडी एकच. ती गेली की बारा क्षेपणास्त्रं आंधळी.

हार्म वापरण्याच्या पद्धती तीन. पहिली, रडार कुठे आहे हे माहीत असेल तर ते लागण्याआधीच क्षेपणास्त्र उंच फेकून द्यायचं. आपली बॉम्बफेकी विमानं टप्प्यात येतील त्याच मिनिटाला ते वर हजर असेल अशी वेळ साधायची. रडार लागलं तर ते त्यावर जाईल, नाही लागलं तर वाया जाईल. पण नाही लागलं म्हणजे आपली विमानं वाचली, त्यामुळे ते खरोखर वाया गेलं असं म्हणता येत नाही. दुसरी, वाटेत अवचित ऐकू आलेल्या रडारवर. तिसरी, आपल्यावरच नेम धरलेल्या रडारवर, स्वतःच्या बचावासाठी. सोडताना वैमानिक रेडिओवर 'मॅग्नम' असं पुकारतो, म्हणजे आसपासच्या मित्रांना कळतं की ही धग कशाची आहे. एफ-4जीमध्ये तोफ काढून त्या जागी लाटा ऐकणारी यंत्रणा बसवली होती आणि विमानभर 52 अँटेना विखुरलेले होते. मागच्या आसनावरचा अधिकारी कोणतं रडार आधी मारायचं हे त्यावरून ठरवायचा. हे काम एकट्या वैमानिकाला झेपत नाही असं मत तेव्हाही होतं. ते मला आजही योग्य वाटतं.

ब्रिटिशांचं अलार्म क्षेपणास्त्र तर याच पेचावर बेतलेलं. ते बारा-तेरा किलोमीटर उंच चढायचं, पॅराशूट उघडायचं आणि हळूहळू खाली येत वाट बघायचं. खाली रडार लागलं की पॅराशूट सोडून थेट झेप. वर काही लटकतंय की नाही हे केबिनमधल्या माणसाला कळायला मार्गच नाही.

भारतात डीआरडीओने याच जातीचं रुद्रम-1 घडवलं. 9 ऑक्टोबर 2020 रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळ सुखोई-30 एमकेआयवरून त्याची चाचणी झाली. भारताकडची या जातीची बहुतेक विमानं नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात तयार झाली आहेत. 8 मे 2025 रोजी, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, पाकिस्तानातली हवाई संरक्षण रडार आणि यंत्रणा लक्ष्य केल्याचं आणि लाहोरची यंत्रणा निकामी केल्याचं सरकारने जाहीर केलं, तेव्हा 'सीड' हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला.

लाटेवर जाणाऱ्या शस्त्राचा मोठा धोका हा की त्याला मित्र आणि शत्रू कळत नाही. 28 एप्रिल 1999 रोजी सर्बियावर सोडलेलं एक हार्म भरकटून शेजारच्या बल्गेरियात, सोफियाच्या उपनगरातल्या घरावर पडलं. 24 मार्च 2003 रोजी इराकमध्ये अमेरिकेच्याच पेट्रियट रडारने अमेरिकेच्याच एफ-16वर नेम धरला आणि वैमानिकाने त्यावर हार्म सोडलं. रडार निकामी झालं. कुणाला इजा झाली नाही.

जॅमिंगबद्दल दोन शब्द. ईएफ-111 आणि ईए-6बी प्राउलर ही तेव्हाची विमानं शत्रूच्या रडारच्याच वारंवारितेवर गोंगाट सोडायची, म्हणजे प्रतिध्वनी त्या गोंगाटात बुडायचा. मर्यादा अशी की विमान जसजसं जवळ येतं तसतसा त्याचा प्रतिध्वनी झपाट्याने वाढतो, आणि एका ठरावीक अंतराच्या आत तो गोंगाटाला भेदून दिसू लागतो. त्यामुळे जॅमिंगने शत्रूचा टप्पा आक्रसतो, शून्य होत नाही. मार्ग आखताना विमान त्या आक्रसलेल्या वर्तुळांच्या मधून काढावं लागतं, आणि जॅमिंगचं विमान, हल्ल्याची विमानं आणि रडार एका रेषेत राहतील याची काळजी घ्यावी लागते. रेषा चुकली की गोंगाट भलत्याच दिशेला जातो.

जे साधलं नाही

पहिल्या रात्रीनंतर इराकी तळांचं रडार लावणं काही दिवसांत झपाट्याने घटलं. क्षेपणास्त्रं सुटत राहिली, पण बरीचशी दिशा न देता, नुसती आकाशात. संपूर्ण युद्धात सुमारे 2,000 हार्म वापरली गेली. लाखाहून अधिक उड्डाणांमध्ये आघाडीने लढाईत 38 विमानं गमावली. आकडे बघून सगळं सुरळीत झालं असं वाटतं. तसं नव्हतं.

19 जानेवारीला दिवसाढवळ्या बगदादवर एफ-16 विमानांचा प्रचंड ताफा गेला. 'पॅकेज क्यू' नावाने तो ओळखला जातो. वाटेत ढग, हवेत इंधन भरताना उशीर, त्यामुळे वेळापत्रक घसरलं. सोबतच्या वाइल्ड वीझल विमानांकडे क्षेपणास्त्रं मोजकी, त्यात ती आधीच सोडून झालेली, इंधनही संपत आलेलं, ती परतली. एफ-16 शहरावर पोहोचली तेव्हा खालच्या अधिकाऱ्यांना रोखणारं वर कुणी नव्हतं. रडार लागले, क्षेपणास्त्रं नेम धरून आली. दोन एफ-16 पडली, दोन्ही वैमानिक कैद झाले. त्यानंतर मध्य बगदादवर दिवसा एफ-16चे ताफे पाठवणं बंद झालं आणि ते काम एफ-117कडे राहिलं. दमन तासाच्या हिशेबाने भाड्याने घ्यावं लागतं. मुदत संपल्यावर पोहोचलेल्याला त्याचा उपयोग नाही.

दुसरी मर्यादा उंचीची. रडार गप्प झालं तरी तोफा डोळ्यांनी चालतात आणि खांद्यावरून सोडायची क्षेपणास्त्रं विमानाच्या उष्णतेवर जातात. त्यांना रडार लागतच नाही, मग हार्म ऐकणार काय? पहिल्या आठवड्यात धावपट्ट्यांवर अगदी खालून जाणारी ब्रिटिश टोर्नाडो विमानं पडली आणि आघाडीची बहुतेक विमानं साडेचार हजार मीटरच्या वर गेली. तिथे सुरक्षितता मिळाली, पण साधे बॉम्ब त्या उंचीवरून लांब पडू लागले आणि ढग आले की लक्ष्यच दिसेना.

सर्बियाचं उत्तर

24 मार्च 1999 ते 10 जून 1999, 78 दिवस नाटोने युगोस्लाव्हियावर (सर्बिया हा त्याचा मुख्य भाग) हवाई हल्ले केले. समोरची यंत्रणा इराकपेक्षा नवी नव्हती: सॅम-3, सॅम-6, जुनी टेहळणी रडार. पण त्यांच्या अधिकाऱ्यांनी 1991चा अभ्यास केला होता. रडार लावायचं ते काही सेकंद, तेही मोजून. तळ एका जागी ठेवायचा नाही. संदेश तारेने किंवा माणूस पाठवून द्यायचा. नकली रडार, नकली लाँचर मांडून ठेवायचे.

250व्या क्षेपणास्त्र ब्रिगेडच्या तिसऱ्या बॅटरीचा अधिकारी झोल्तान दानी याचा नियम होता: मारा करणारं रडार वीस सेकंदांच्या वर लावायचं नाही आणि नंतर लगेच जागा सोडायची. दुरून बघायला त्याच्याकडे पी-18 हे जुनं, मीटरभराहून लांब लाटांवर चालणारं रडार होतं. एफ-117चा आकार लहान लाटांना चुकवण्यासाठी घडवलेला. लांब लाटेला तो थोडा जास्त दिसतो. त्यात एफ-117 रोज त्याच त्या मार्गांनी येत होती. 27 मार्चच्या रात्री बुजानोव्त्सी गावाजवळ त्या बॅटरीच्या सॅम-3ने एक एफ-117 पाडलं. 2 मेला एक एफ-16 गेलं.

नाटोने 743 हार्म सोडली. सॅम-6च्या सुमारे 25 बॅटऱ्यांपैकी खात्रीने उडाल्या त्या तीन. नाश म्हणून पाहिलं तर हे अपयश. दमन म्हणून पाहिलं तर 78 दिवसांत दोनच विमानं गेली, कारण ते अधिकारी बहुतेक वेळ गप्पच होते. पण गप्प असलेलं रडार कुठे आहे हे कळत नाही, आणि ते कधी लागेल याचाही नेम नाही. त्यामुळे पहिल्या रात्रीप्रमाणे शेवटच्या आठवड्यातही बॉम्बफेकी विमानांसोबत जॅमिंगची प्राउलर आणि हार्म घेतलेली एफ-16 पाठवावी लागत होती. प्राउलर मोजकीच होती, आणि एफ-4जी तर 1996मध्येच सेवेतून काढली गेली होती. किती हल्ले करायचे हे बऱ्याचदा बॉम्बफेकी विमानं किती आहेत यावर ठरलं नाही. प्राउलर किती मोकळी आहेत यावर ठरलं.